कोपऱ्यातला र

२००९ सालचा पावसाळा. महापेच्या एमआयडीसीत ठाणे-बेलापूर रस्ता सोडून पारसिकच्या डोंगराच्या दिशेने आत गेलं की इलेक्ट्रॉनिक झोनचे गाळे लागतात. त्यातल्या एका गाळ्यात मी कंट्रोल पॅनलांच्या माहितीपुस्तिका लिहायचो. पॅनल जायची साखर कारखान्यांत, गावच्या पाणीयोजनांवर, दूध संघांत. तिथे पॅनलसमोर रात्रपाळीला उभा राहणारा माणूस इंग्रजी पुस्तिका उघडतच नाही, हे मालकांच्या लक्षात आलं होतं. म्हणून पहिल्यांदाच मराठी पुस्तिका काढायची ठरली.

मी लिनक्सवर ओपनऑफिसमध्ये मजकूर टाइप केला. त्यात एक वाक्य होतं: ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातला लाल दिवा लागल्यास मेन स्विच बंद करा.’ छपाईसाठी फाइल दुसऱ्या संगणकावर गेली. तिथली प्रणाली वेगळी होती. प्रूफ आलं तेव्हा ‘कोपऱ्यातला’ या शब्दाचे दोन तुकडे झाले होते. र सुटा, त्याखाली मोडका पाय, आणि मग भलत्याच अंतरावर य. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’, ‘दोऱ्या’ या सगळ्यांची तीच गत. आमच्याकडे एक ज्येष्ठ फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी प्रूफ हातात घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “सर, हा लाल दिवा कोपरात आहे का कोपऱ्यात?”

मी तो र दुसऱ्या पद्धतीने टाइप केला. छपाईच्या संगणकावर शब्द जुळला, पण माझ्या संगणकावर मोडला. रात्री नऊपर्यंत हेच चाललं. शेवटी मी एकाच पुस्तिकेच्या दोन फाइली ठेवल्या, एक माझ्या संगणकासाठी आणि एक छपाईच्या. पुढे वर्षभर पुस्तिकेत काहीही बदलायचं झालं की दोन्हीकडे बदलायचो. एकदा एका फाइलीत विसरलो आणि जुना फ्यूज क्रमांक छापून गेला.

त्या वेळी मला माहीत नव्हतं, पण सॉफ्टवेअरच्या जगातलं एक फार जुनं दुखणं मी त्या दोन फाइलींत अनुभवत होतो. एकच गोष्ट वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मसाठी वेगवेगळी लिहायची आणि मग तिच्या साऱ्या प्रती जन्मभर सांभाळायच्या. माझ्याकडे दोन फाइली होत्या आणि त्यांचा पगार मिळत होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत अशी शेकडो ठिकाणं असतात, आणि त्यातली कितीतरी ठिकाणं नोकरीधंदा करून उरलेल्या वेळात कुणीतरी सांभाळत असतं. आज आपल्या फोनवर ‘कोपऱ्यात’ हा शब्द नीट उमटतो तो या माणसांमुळे. हा लेख त्यांच्या कामाविषयी आहे.

प्रोग्राम ज्या जमिनीवर उभा राहतो ती जमीन म्हणजे प्लॅटफॉर्म. प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, पडद्यावर खिडक्या आणि अक्षरं रंगवणारी यंत्रणा, हे सगळं त्यात आलं. हिशेब, शुद्धलेखन तपासणी, फाइल वाचणं ही कामं सगळीकडे सारखी असतात. पण फॉन्ट शोधणं, छपाईयंत्राशी बोलणं, कळफलकावरची कळ ओळखणं ही कामं विंडोजवर एका रीतीने होतात, मॅकवर दुसऱ्या आणि लिनक्सवर तिसऱ्या. मग प्रोग्राममध्ये फाटे फुटतात: विंडोज असेल तर हे कर, मॅक असेल तर ते कर. सी भाषेत हे फाटे ‘इफडेफ’ नावाच्या सूचनेने लिहितात. खरी गोम इथे आहे. मी लिनक्सवर बसून प्रोग्राम बांधतो तेव्हा विंडोजचा फाटा माझ्याकडे बांधलाच जात नाही. त्यात मी चूक केली असली तरी माझा संगणक ती दाखवत नाही. ती ज्याच्याकडे विंडोज आहे त्यालाच दिसते, तीही त्याने बघितलं तर.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने महापेला येणाऱ्या माणसाला एक उदाहरण चटकन पटेल. मुंबईच्या लोकल पूर्वी १,५०० व्होल्ट डीसीवर चालत. मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी आला. हे काम अनेक वर्षं चाललं आणि त्या काळात दोन्ही तारांखाली धावणाऱ्या गाड्या लागल्या. प्रवाशाला डबा एकच दिसत होता, पण गाडीच्या पोटात दोन वेगळ्या विजांची सोय वागवली जात होती. २०१६ मध्ये हार्बरचा उरलेला भागही एसीवर गेला आणि डीसीची सोय निरुपयोगी झाली. रेल्वेकडे कारशेड आहे, पगारी कामगार आहेत, जुनी सोय कधी काढायची हे ठरवणारा अधिकारी आहे. स्वयंसेवकांच्या प्रकल्पात यातलं बहुतेक काही नसतं. तिथे एखाद्या प्लॅटफॉर्मचा कोड टिकतो तो त्या जातीचं यंत्र घरात असलेल्या आणि त्याची आस्था असलेल्या एखाद-दुसऱ्या माणसामुळे. त्याला मेंटेनर म्हणतात. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तसा.

आता आपल्या र कडे येऊ, कारण मराठीपुरता या गोष्टीचा सगळा इतिहास त्या एका अक्षरात बघता येतो.

देवनागरी पडद्यावर आणणं म्हणजे अक्षरांची चित्रं एकापुढे एक मांडणं नव्हे. ‘धार्मिक’ हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात त्याचा क्रम उच्चाराप्रमाणे असतो: ध, काना, र, हलन्त, म, ऱ्हस्व वेलांटी, क. पडद्यावर मात्र वेलांटी म च्या अलीकडे यायला हवी आणि र ने रफार होऊन म च्या डोक्यावर बसायला हवं. साठवणीच्या क्रमातून दिसण्याचा क्रम घडवणाऱ्या प्रोग्रामला शेपिंग इंजिन म्हणतात. मराठीने त्याच्यापुढे आणखी एक पेच ठेवला आहे. हिंदीत र ला पुढे व्यंजन जोडलं की रफार होतो. मराठीत रफारही आहे आणि तो कोयतीसारखा आडवा अर्धा र देखील आहे, आणि दोन्हींचे अर्थ निराळे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकात हा आडवा र मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरा मार्ग युनिकोडच्या जुन्या आवृत्तीपासून चालत आला म्हणून ठेवला आहे. म्हणजे इंजिन लिहिणाऱ्याला दोन्ही मार्ग ओळखता आले पाहिजेत. त्या पावसाळ्यात महापेत मी जे दोन प्रकार आलटून पालटून टाइप करत होतो ते हेच.

भारतीय लिपी संगणकावर आणायची पहिली मोठी खटपट तर थेट यंत्रातच बसवलेली होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. पीसीमध्ये जिस्ट कार्ड खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचं इस्की हे मानक आलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडच्या देवनागरी तक्त्याची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. कार्डाचं आयुष्य मात्र पीसीच्या त्या खाचेपुरतं होतं. खाच बदलली, डॉस गेलं, कार्डही गेलं.

विंडोज २००० मध्ये देवनागरी मुळातच आली, युनिस्क्राइब नावाच्या इंजिनासह. सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट होता आणि त्याचे रचनाकार होते र. कृ. जोशी, कोल्हापूरचे. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात वर्षानुवर्षं शिकवणारे शिक्षक. निवृत्तीनंतर ते जुहूच्या एनसीएसटीमध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीमध्ये काम करत होते. २००८ मध्ये ते गेले. आपण ‘मंगल’मध्ये टाइप केलेले अर्ज, दाखले, पत्रकं यांतली अक्षरं कुणी काढली हे बहुतेकांना ठाऊकही नाही. ते ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पुढे विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट उमटायची तर सेटिंगमध्ये जाऊन किचकट लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. किती शाळांमध्ये ती सीडी सापडली नाही म्हणून मराठी राहिली असेल!

लिनक्सच्या बाजूला एनसीएसटीनेच २००० च्या सुमारास ‘इंडिक्स’ हा प्रकल्प केला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. इंडिक्समागची कल्पना धाडसी होती. लिनक्सवर पडद्यावरचं सगळं चित्र एक्स विंडो प्रणालीतून जात असे. त्या प्रणालीतच देवनागरीचं ज्ञान घातलं तर वरचा कोणताही प्रोग्राम न बदलता मराठी दाखवेल, असा विचार. विचार चुकीचा नव्हता. पण त्याच काळात एक्सची रीतच बदलत होती. अक्षरं रंगवायचं काम मधल्या प्रणालीकडून निघून प्रत्येक प्रोग्रामकडे, त्याच्या लायब्ररीकडे जाऊ लागलं. ज्या रस्त्यावर इंडिक्सने पूल बांधला त्या रस्त्यावरून वाहतूकच वळली. मला या कामाविषयी अतिशय आदर आहे, आणि म्हणूनच त्यातला धडा स्पष्ट सांगितला पाहिजे. मूळ प्रकल्पाच्या प्रवाहापासून वेगळा ठेवलेला प्लॅटफॉर्मचा कोड कितीही चांगला असला तरी प्रवाह वळला की मागे राहतो. मूळ प्रकल्पात मिसळून, तिथल्या माणसांशी रोज बोलून, त्यांच्या वळणासोबत तोही वळवत राहावं लागतं.

तेच काम मग स्वयंसेवकांनी केलं. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या ‘इंडलिनक्स’ या प्रकल्पाभोवती देशभरातली पोरं जमली. मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’मधून ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट आला. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली सोडले आणि त्यांची देखभाल पुण्यातून होत राहिली. पण या लोकांचं दुखणं वेगळंच होतं. लिनक्सच्या एकाच संगणकावर अक्षरं घडवणारी तीन इंजिनं नांदत होती. ग्नोम या डेस्कटॉपच्या प्रोग्रामांसाठी पॅंगो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपसाठी क्यूटीचं स्वतःचं, आणि ओपनऑफिससाठी आयसीयूचं. ऱ्य चुकतोय असं सापडलं की तीन ठिकाणी तक्रार नोंदवायची, तीन ठिकाणच्या लोकांना मराठीचा र समजावायचा, तीन ठिकाणी दुरुस्ती करायची आणि तिन्ही ठिकाणी ती पुढच्या आवृत्तीत पुन्हा मोडली तर नाही ना हे पाहायचं. शिवाय विंडोज आणि मॅक वेगळेच. मॅकवर तर अक्षरघडणीचे नियम फॉन्टच्या आत निराळ्याच तक्त्यांत लिहावे लागत, त्यामुळे लिनक्सवर आणि विंडोजवर चालणारा मराठी फॉन्ट तिथे बराच काळ नीट चालत नसे. फोनची कथा आणखी करुण. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी बातमी वाचायची तर ऑपेरा मिनीत एक गुप्त सेटिंग उघडून किचकट लिप्या चित्ररूपाने मागवाव्या लागत. अक्षरं दूर कुठल्यातरी सर्व्हरवर घडत आणि फोनवर त्यांचं चित्र येई. कोपरखैरणे स्थानकाबाहेर उभं राहून मी मित्रांच्या फोनवर ते सेटिंग कितीदा बदलून दिलं असेल.

तीन इंजिनांच्या या त्रासातून ‘हार्फबझ’ निघालं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. ओपनटाइप या फॉन्टप्रकाराचंच ते फारसी नाव. हर्फ हा शब्द आपल्या जुन्या बखरींच्या मराठीलाही परका नाही. पॅंगो आणि क्यूटी या दोघांनी एकाच जुन्या कोडच्या प्रती घेऊन आपापल्या परीने वाढवल्या होत्या. त्या एकत्र आणायच्या खटपटीतून हा प्रकल्प सुरू झाला आणि बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरने तो नव्याने लिहून काढला. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने केलेली गोष्ट मला या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक वाटते. २०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांचा भाग लिहिताना त्याने विकिपीडियातले लाखो शब्द घेतले, ते विंडोजच्या युनिस्क्राइबमधून काढले, आपल्या इंजिनातून काढले आणि शब्दागणिक जुळवून पाहिले. किती जुळले आणि किती फसले ते आकडे लिपीवार तो प्रत्येक बदलासोबत नोंदवत गेला. देवनागरीत फसलेले शब्द आधी हजारांत, मग शेकड्यांत, मग आणखी खाली आले.

त्यात अडचणी काय आल्या ते ऐकण्यासारखं आहे. ओपनटाइपमध्ये देवनागरीच्या नियमांच्या दोन पिढ्या आहेत. जुन्या पिढीच्या फॉन्टवर ‘देवा’ ही खूण असते, नव्यावर ‘देव-२’. दोन पिढ्यांत हलन्त आणि व्यंजन यांचा क्रम उलटा धरला जातो. जुने फॉन्ट लोकांच्या संगणकांवर अजून आहेत, तेव्हा दोन्ही पाळावे लागतात. विंडोजच्या इंजिनात काही विचित्र सवयी होत्या आणि फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्या गृहीत धरूनच फॉन्ट केले होते. मग त्या सवयीही तशाच उचलाव्या लागल्या. बरोबर काय हे नियमपुस्तकात सापडत नव्हतं, ते चालत्या यंत्रांवर बघून ठरवावं लागत होतं. हार्फबझच्या कोडमध्ये आजही विंडोजच्या युनिस्क्राइब, डायरेक्टराइट आणि मॅकच्या कोअर टेक्स्टला जोडणाऱ्या स्वतंत्र फाइली आहेत. त्यांचा मोठा उपयोग म्हणजे आपलं उत्तर त्या त्या प्लॅटफॉर्मच्या उत्तराशी ताडून पाहणं. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस हे सगळे हार्फबझ वापरतात. अब्जावधी फोन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला हे इंजिन खोलात जाणणारी बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

लिब्रेऑफिस हे माझ्या त्या ओपनऑफिसचंच पुढचं घराणं, २०१० मध्ये वेगळं झालेलं. त्यात बरीच वर्षं मजकूर मांडायचे तीन फाटे होते: विंडोजवर युनिस्क्राइब, मॅकवर कोअर टेक्स्ट, लिनक्सवर आधी आयसीयू आणि मग हार्फबझ. एकच फाइल तीन ठिकाणी उघडली तर ओळी वेगवेगळ्या जागी मोडत. खालेद होस्नी या इजिप्तच्या फॉन्टकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी हे फाटे मिटवले. १ फेब्रुवारी २०१७ रोजी आलेल्या ५.३ आवृत्तीपासून तिन्ही प्लॅटफॉर्मवर एकच हार्फबझ काम करू लागलं. मी ती आवृत्ती उतरवून घेतली आणि आठ वर्षांपूर्वीची ती पॅनलची पुस्तिका उघडली, आधी लिनक्सवर, मग शेजाऱ्याच्या विंडोजवर. ‘वरच्या उजव्या कोपऱ्यातला लाल दिवा.’ दोन्हीकडे सारखा. दोनपैकी एक फाइल मी त्या दिवशी पुसून टाकली.

पण सगळेच फाटे मिटवता येत नाहीत. कळ दाबल्याची बातमी प्रत्येक प्रणाली आपल्याच रीतीने देते. छपाई, माऊस, स्क्रीन वाचून दाखवणारी साधनं, सगळ्यांचे फाटे राहतातच, आणि ज्याचा माणूस जातो तो फाटा सुकतो. लिनक्सच्या गाभ्यासोबत एक साधी मजकूर-फाइल येते, तिचं नाव मेंटेनर्स. कोणत्या भागाची जबाबदारी कुणाकडे ते तिच्यात लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था. कुणाला पगार मिळत असेल तर एक शब्द, कुणी खरोखर बघत असेल तर दुसरा, कुणी अधूनमधून डागडुजी करत असेल तर तिसरा. ज्याला कुणीच उरलं नाही त्याच्यापुढे लिहिलेलं असतं: अनाथ. मी ती फाइल पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या शब्दाशी बराच वेळ थांबलो होतो.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांनी हे हिशेब उघड मांडले आहेत. २००२ मध्ये त्यांनी एक नियमपत्र केलं आणि पुढे त्यात प्लॅटफॉर्मच्या पायऱ्या आखल्या. पहिल्या पायरीवरच्या प्लॅटफॉर्मवर काही मोडलं तर नवी आवृत्ती अडते. दुसऱ्या पायरीसाठी निदान दोन मुख्य प्रोग्रामर त्या प्लॅटफॉर्मची हमी घेणारे हवेत. तिसऱ्यासाठी निदान एक. एकही नसेल तर तो प्लॅटफॉर्म आधी सांगून काढला जातो. कुणाला हे निष्ठुर वाटेल, मला तसं वाटत नाही. कुणी बघत नसलेला कोड ‘चालतो’ म्हणून मिरवणं ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे. लिनक्स १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मलं, त्याच ३८६ चा कोड लिनक्सच्या लोकांनी २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकला. जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत इटॅनियम या प्रोसेसरचा कोड गेला. जुनी यंत्रं जपणाऱ्या काही हौशी लोकांनी तेव्हा विनवण्या केल्या. उत्तर साधारण असं मिळालं: वर्षभर बाहेर सांभाळून दाखवा, मग परत घेण्याचा विचार करू. मागणी करणारे पुष्कळ असतात, सांभाळून दाखवणारा एखादाच. ऑगस्ट २०२५ च्या लिब्रेऑफिस २५.८ ने विंडोज ७ आणि ८ सोडलं. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांत, ग्रामपंचायतींत विंडोज ७ चे संगणक अजून धूळ झटकून चालू केले जातात. तिथले संगणक सांभाळणाऱ्यांनी आता लिनक्सचा विचार गांभीर्याने करावा.

एकट्या माणसावर भार टाकून सगळं जग निर्धास्त झोपलं की काय होतं, ते २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं. एक्सझेड ही फाइल आवळून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असते. लासे कोलिन या फिनलंडच्या प्रोग्रामरने ती वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळली. ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी दोन-तीन वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला, मेंटेनरचे अधिकार घेतले आणि ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो उघडायचा फक्त एका विशिष्ट जातीच्या ६४-बिट प्रोसेसरवरच्या लिनक्सवर, तेही ठरावीक प्रकारे बांधलेल्या. प्लॅटफॉर्मच्या फाट्यांच्या अंधारातच तो लपवलेला होता. लॅंडलॉक या लिनक्सच्या सुरक्षा-सोयीची उपलब्धता तपासणारा एक छोटा तुकडाही त्या प्रकल्पात होता. त्यात एका ओळीवर एकटं टिंब टाकलेलं होतं. त्या टिंबामुळे तो तुकडा कधीच बांधला जात नसे, आणि प्रकल्पाला वाटे की या संगणकावर लॅंडलॉक नाहीच. सुरक्षा गुपचूप गळून पडे. आपण मराठी माणसं अनुस्वाराच्या एका टिंबावरून शब्दाचा अर्थ बदलताना पाहत आलो आहोत, तेव्हा या टिंबाची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको. चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला. सर्व्हरवर दुरून लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं आणि त्याने ते सोडून दिलं नाही.

महापेत आता डेटा सेंटरांच्या उंच, बिनखिडक्यांच्या इमारती आहेत. मिलेनियम बिझनेस पार्कमधून संध्याकाळी सॉफ्टवेअरवाली माणसं लोंढ्याने बाहेर पडतात, घणसोली-कोपरखैरण्याच्या रिक्षांसाठी रांगा लागतात. यातला जवळजवळ प्रत्येकजण दिवसभर मुक्त सॉफ्टवेअरवर उभा असतो. त्यांच्यापैकी जे मराठी आहेत त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी हार्फबझ लिहिणाऱ्याकडे नव्हती. ते मराठी वाचतात.

हे मोठं भांडवल आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपं नक्की केली. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली रूपं, हिंदीची वेगळी. आजच्या अनेक मुक्त फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे असं कळलं तर फॉन्ट आपलं रूप काढतो. पण ती भाषा कळवायचं काम प्रोग्रामचं, आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर ते वेगळ्या रीतीने होतं. एखाद्या ठिकाणी कळवायचं राहिलं की मराठी पानावर हिंदीचा ल येतो. शब्द वाचता येतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. कैरोत किंवा कॅनडात बसलेल्या मेंटेनरला यात काही चुकलं आहे हे कळणार कसं? ते डोंबिवलीच्या, लातूरच्या, पणजीच्या माणसालाच दिसतं.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यांनी मला पहिला संदेश पाठवला: ‘सर, दुसऱ्या मजल्यावर राहतो, या कधीतरी.’ मी आधी त्यातला ऱ्य पाहिला आणि मग पत्ता विचारला.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या फोनवर, घरच्या संगणकावर, ऑफिसातल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ही ओळ टाइप करून पाहा: ‘आचाऱ्याने कोपऱ्यातल्या सुऱ्या धुतल्या, आचार्यांनी सूर्याला अर्घ्य दिलं, धार्मिक लोकांनी शाल घेतली.’ कुठेही मोडलं, रफार आणि आडवा र यांची अदलाबदल झाली, ल-श परके दिसले, तर पडद्याचं चित्र घ्या. त्यासोबत प्रणालीचं नाव, तिची आवृत्ती, प्रोग्रामची आवृत्ती आणि फॉन्टचं नाव लिहा, कसं दिसायला हवं होतं ते शेजारी दाखवा आणि त्या प्रकल्पाच्या तक्रारवहीत नोंदवा. इंग्रजी मोडकं-तोडकं असलं तरी चालतं. पलीकडचा माणूस बहुधा रात्री, नोकरीवरून आल्यावर ते वाचणार आहे, तेव्हा नमस्कार लिहायला विसरू नका.